दहा हजार डॉलर आणि घरातला कर्ता

सकाळची घाई आहे. दहा-अकरा वर्षांचा ट्रॅव्हिस शाळेला निघालाय आणि त्याला पन्नास सेंट न्यायचेत. आई म्हणते, नाहीत माझ्याकडे. तो पुन्हा मागतो, ती पुन्हा तेच सांगते. नाहीत म्हणजे घरखर्चातून काढून देण्यासारखे नाहीत. तेवढ्यात बाप पुढे होतो, बायकोकडे रोखून बघत पोराच्या हातावर पन्नास सेंट ठेवतो, आणि वर आणखी पन्नास. जा, फळं घेऊन खा, नाहीतर टॅक्सी करून जा शाळेत! पोरगं खुश होऊन पळतं. थोड्या वेळाने बाप स्वतः कामाला निघतो, दाराबाहेर पडतो आणि परत येतो. गाडीभाड्याला पैसे उरलेले नाहीत. जिच्यासमोर ऐट मिरवली तिच्यापुढेच आता हात पसरायचा. ती त्याच्याकडे बघते, जराशी विरघळते, पर्स उघडते आणि म्हणते, पन्नास सेंट ना? घे, टॅक्सी करून जा.

पुढचं सगळं नाटक या एवढ्याशा प्रसंगात आलंय. पैसे तुटपुंजे, मुलासमोर बाप म्हणून ताठ उभं राहायची धडपड खरी, आणि त्या ऐटीचं बिल शेवटी बाईच्या पर्समधून जातं.

नाटक आहे लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन'. ११ मार्च १९५९ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या बड्या व्यावसायिक रंगभूमीच्या, एथेल बॅरीमोर थिएटरात लागलं. लेखिकेचं वय तेव्हा २८. ब्रॉडवेवर जिचं नाटक झालं अशी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स, मुख्य भूमिकेत सिडनी पॉइटिए. ५३० प्रयोग झाले, त्या वर्षीचं न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं पारितोषिक मिळालं. नावाचा शब्दशः अर्थ 'उन्हातला बेदाणा'. लँग्स्टन ह्यूज या कवीच्या एका कवितेतून ते उचललंय. स्वप्न सारखं पुढे ढकलत राहिलं तर ते बेदाण्यासारखं सुकून जातं का, असं ती कविता विचारते.

अमेरिकेत हे नाटक शाळा-कॉलेजात अभ्यासाला असतं आणि त्यावर एक ठरलेला प्रश्न येतो: यातल्या स्त्री-पुरुषांच्या भूमिका आणि कुटुंबाच्या अपेक्षा स्पष्ट करा. उत्तरंही ठरलेली. मुलगा म्हणजे दबलेला पुरुष, मुलगी म्हणजे नवी स्त्री, आई म्हणजे परंपरा. मार्क मिळून जातात. पण नाटक इतकं सरळ नाही. मला विचाराल तर ते समजून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पैशाचा माग काढत जाणं. कुणाचा पैसा, कुणाच्या हातात गेला, कुणाच्या नावाने खर्ची पडला. बायका-पुरुषांबद्दलच्या मोठमोठ्या गोष्टी आपोआप दिसायला लागतात.

घरात माणसं पाच, खिडकी एक

जागा शिकागोच्या साउथ साइडची, काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. यंगर नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब. मुख्य खोली एकच. तीच बैठकीची, तीच जेवायची, कडेला स्वयंपाकाची चिंचोळी जागा आणि तिथे सबंध घरातली एकुलती एक खिडकी. ट्रॅव्हिस रात्री कोचावर झोपतो. संडास-बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये, शेजारच्या कुटुंबाबरोबर वाटून. सकाळी कोण आधी घुसतो याची रोजची शर्यत. लालबाग-गिरगावच्या चाळीत बालपण गेलेल्याला हा प्रवेश समजावून सांगायची गरज नाही.

घरातली थोरली लीना, साठी ओलांडलेली विधवा. सगळे तिला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. मराठीत मामा म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच माणूस उभं राहतं, म्हणून मी लीनाच म्हणते. तिचा मुलगा वॉल्टर ली, वय ३५, एका गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर. सून रूथ तिशीची. ती लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी, साफसफाईची कामं करते. लीनाचंही आयुष्य त्याच कामात गेलेलं. मुलगी बेनीथा विशीची, कॉलेजात शिकते, तिला डॉक्टर व्हायचंय. पाचवा ट्रॅव्हिस. आणि एक सहावा माणूस आहे जो रंगमंचावर कधीच येत नाही: लीनाचा नवरा, थोरला वॉल्टर. तो राबून राबून गेला. त्याच्या आयुर्विम्याचा १०,००० डॉलरचा चेक उद्याच्या टपालाने यायचाय.

आता प्रत्येकाचा हिशोब. वॉल्टरला दोन मित्रांबरोबर दारूचं दुकान टाकायचंय. दुकान ७५,००० चं, सुरुवातीला ३०,००० घालायचे, तिघांत वाटले की प्रत्येकी दहा हजार. म्हणजे त्याच्या हिशोबात अख्खा चेक आधीच खर्च झालाय. बेनीथाची मेडिकलची फी पुढ्यात आहे. रूथला या कोंदट जागेतून बाहेर पडायचंय, कुठेही. लीनाला हवंय छोटंसं दुमजली घर, मागे नातवाला खेळायला अंगण आणि झाडं लावायला चार हात जमीन. खिडकीत एका कुंडीत तिचं एक किरटं रोपटं आहे, उजेडासाठी मान लांबवणारं. चेकवर नाव लीनाचं. हे कुणी स्पष्ट बोलून दाखवतं तर फक्त बेनीथा: पैसे आईचे आहेत, तिने त्याचं काय करायचं ते ती बघेल.

एक शब्द, दोन मागण्या

हे नाटक मराठीत सांगताना 'मॅन' या शब्दापाशी अडखळायला होतं. नाटकभर तो शब्द येत राहतो. वॉल्टरला मॅन व्हायचंय, आईला तो मॅन झालेला बघायचाय, बायको वाट बघतेय. याचा अर्थ पुरुष की माणूस? मराठीत एक निवडावा लागतो आणि निवडला की अर्धा अर्थ सांडतो.

सांडतो काय ते सांगते. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडे, गोरी माणसं प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषालाही 'बॉय' म्हणून हाक मारत. ए पोऱ्या! केस पांढरे झाले तरी पोऱ्याच. त्यामुळे 'मी मॅन आहे' असं म्हणणं ही मिशांवर ताव मारायची गोष्ट नव्हती, माणसात गणना व्हावी यासाठीची ती मागणी होती. पुढे १९६८ मध्ये मेम्फिस शहरातले कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या फलकांवर नेमकं हेच वाक्य होतं, मी मॅन आहे. बाकी काही लिहायची त्यांना गरज वाटली नाही.

ही मागणी न्याय्य आहे यात शंका नाही. गोची अशी की माणूस म्हणून मान मागायला जो शब्द वापरायचा त्याच शब्दाच्या पोटात पुरुष म्हणून घरातली सत्ताही बसलेली आहे. वॉल्टर दिवसभर गाडीचं दार उघडतो, लावतो, होय साहेब, नाही साहेब म्हणतो. तिथे त्याला माणूस व्हायचंय. ते होता येत नाही, मग तो घरी येऊन पुरुष व्हायला बघतो. बाहेरची मागणी गोऱ्या जगाकडे आहे, पण वसुली आई, बायको आणि बहिणीकडून.

अंड्यांचा प्रवेश घ्या. न्याहारीला अंडी कशी करू, असं रूथ विचारते. कशीही कर, फेटून नको, असं तो म्हणतो. ती फेटायलाच घेते. (हे बघून प्रेक्षागृहात हशा येतो आणि यायलाच हवा.) मग तो दुकानाचं सांगायला लागतो, ती म्हणते अंडी खा. तो म्हणतो, पुरुष बायकोला सांगतो की माझं एक स्वप्न आहे आणि बायको म्हणते, अंडी खा, गार होतील. पुढे जाऊन तो सगळ्या काळ्या बायकांनाच बोल लावतो: तुम्ही तुमच्या पुरुषांना उभारी देत नाही.

वर्गात या प्रवेशावर दोन तट पडतात म्हणे. माझं मत रूथच्या बाजूचं आहे, पण वॉल्टर खोटं बोलतोय म्हणून नाही. त्याची घुसमट अस्सल आहे. फक्त रूथच्या जागी उभं राहून बघा. पहाटेपासून उभी आहे, पोराला बाथरूममध्ये घुसवलंय, स्वतःला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वेळेवर पोचायचंय, पोटात दिवस राहिल्याची शंका आहे, आणि समोरचा सांगतोय ते स्वप्न तिने किती वेळा ऐकलंय कोण जाणे. त्या सकाळी तिच्याकडे द्यायला जे आहे ते ताटलीत आहे. उभारी कुठून आणणार?

आणि वॉल्टरचं स्वप्न तरी काय आहे? एका रात्री तो ट्रॅव्हिसला ते रंगवून सांगतो. सात वर्षांनी तू सतरा वर्षांचा होशील, मी ऑफिसातून घरी येईन, साधी काळी क्रायस्लर असेल माझी, उगाच भपका नको. माळी कुंपणाची झाडं छाटत असेल, तो म्हणेल गुड इव्हिनिंग, मिस्टर यंगर. तुझ्या आईला खरेदीला जायला उघड्या टपाची कॅडिलॅक. या स्वप्नात साहेबाच्या घराचं सगळं सामान आहे. वॉल्टर ज्या साहेबाची गाडी चालवतो तो साहेब होणं म्हणजे पुरुष होणं. कुणीतरी वाकून गुड इव्हिनिंग म्हणायला हवंच, फक्त आता वाकणारा मी नसेन. बायको त्यात राबत नाही हे खरं, पण ती दुसरं काही करतही नाही. गाडीत बसून खरेदीला जाते.

पाच डॉलर

रूथला खरोखरच दिवस गेलेत. ती डॉक्टरकडे जाऊन येते आणि बोलता बोलता 'त्या म्हणाल्या' असं तोंडून जातं. लीनाचे कान टवकारतात. त्या? कुठल्या डॉक्टरकडे गेली होतीस तू? एका सर्वनामावरून सासूला कळतं की सून कुठल्या बाईकडे जाऊन आली. गर्भपात तेव्हा बेकायदा होता. देशभर त्याला कायदेशीर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, आणि तोही २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने फिरवला.

लीना देवभोळी आहे, गर्भपात तिला पाप वाटतं. पण सुनेला ती वाईट म्हणत नाही. बाईला घरासाठी काहीही करावं लागतं, घरातल्या जित्या माणसांसाठी, अशा अर्थाचं ती मुलाला सांगते. मला हे वाक्य सबंध नाटकातलं सगळ्यात शहाणं वाटतं. चांगल्या आईची व्याख्या एरवी पोथीतून येते, इथे ती वाणसामानाच्या यादीतून आलीय.

वॉल्टरलाही हे तिच्याकडूनच कळतं. त्याचा विश्वास बसत नाही, रूथ असं करणार नाही. रूथ दारात उभी राहून सांगते, करीन. पाच डॉलर विसार देऊनही झालाय. आता लीना वाट बघते. तुझ्या बापासारखा उभा राहा, म्हण की आपण पोरं जन्माला घालतो, मारत नाही. वॉल्टर एक शब्द बोलत नाही आणि निघून जातो. बापाच्या नावाला तू काळिमा आहेस, असं ती त्याला सुनावते.

इथे थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. हा जो बाप सतत मापदंड म्हणून पुढे केला जातो, तो कसा होता? लीना स्वतःच सांगून टाकते: हट्टी होता, बायकांच्या मागे असायचा, पण मुलांवर जीव होता त्याचा. एक तान्हं बाळ गमावल्यावर तो आतून मोडला आणि मग कामाने स्वतःला मारून घेतलं. म्हणजे ज्याच्यासारखं व्हायचं तो बापही धड आदर्श नव्हता. मेल्यावर झिजलेल्या नाण्यालाही झळाळी येते. वॉल्टरला त्या झळाळीशी बरोबरी करायचीय, आणि माणूस हयात नसल्यामुळे ती कधी पुरीच होत नाही.

बेनीथाची वर्दळ

बेनीथाच्या वाट्याला आलेली अपेक्षांची गर्दी थोडी विनोदी आहे. भाऊ म्हणतो, डॉक्टर व्हायचं खूळ कुणी डोक्यात घातलं? इतर बायकांसारखी नर्स हो, नाहीतर लग्न करून गप्प बस. तिच्यामागे लागलेला जॉर्ज मर्चिसन पैसेवाल्या घरचा. त्याच्या मते कॉलेज म्हणजे पुस्तकं वाचायची, मार्क मिळवायचे, पदवी घ्यायची; विचारबिचार करायचा संबंध काय? तू दिसायला छान आहेस, तेवढं पुरे, बोलू नकोस जास्त. रूथ आणि लीनाला कळत नाही की इतकं चांगलं स्थळ ही नाकारते का. कृष्णवर्णीयांमध्येही श्रीमंत-गरीब असा उभा चर आहे, आणि या घराला तो चर ओलांडायचा एकच पूल दिसतो, मुलीचं लग्न.

तिसरा जोसेफ असागाई, नायजेरियाहून शिकायला आलेला योरुबा जमातीचा तरुण. हा वेगळा. तिला तिची मुळं दाखवतो, आफ्रिकी वस्त्रं आणून देतो, केस सरळ करून घेतेस म्हणजे गोऱ्यांची नक्कलच नाही का, असं विचारतो. पुढे ती केस कापून मूळचे कुरळे ठेवते. (पहिल्या निर्मितीत केसांचा हा भाग वगळला गेला होता, नंतरच्या प्रयोगांत परत आला.) पण असागाईही एका जागी घसरतो. स्त्री-पुरुषांत प्रेमाखेरीज आणखीही काही असू शकतं, असं ती म्हणते तेव्हा तो सांगून जातो की बाईला तेवढं पुरायला हवं. नवं जग दाखवणाऱ्याच्या झोळीतही जुनं सामान निघतं. हॅन्सबेरी इथे कुणालाच सोडत नाही, म्हणून तर मला ती आवडते.

घरात बेनीथाची थट्टा होते ती तिच्या नादांवरून. आज गिटार, काल घोडेस्वारी, त्याआधी फोटोग्राफी. एकाही गोष्टीत टिकत नाही म्हणून आई आणि वहिनी पोट धरून हसतात. हसू मलाही येतं. पण मग वॉल्टरचं बघा. दारूच्या दुकानाआधी त्याचा ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात शिरायचा बेत होता. त्याने एकामागून एक केलेले बेत म्हणजे धंद्याच्या योजना, आणि हिने केले की खूळ.

तिला डॉक्टर का व्हायचंय हे ती फक्त असागाईला सांगते. लहानपणी बर्फावरून घसरगुंडी खेळताना एका मुलाचा चेहरा फाटला होता. तिला वाटलं, संपला. त्याला नेलं, हाड बसवलं, शिवलं, आणि तो परत आला, चेहऱ्यावर एक बारीक रेघ घेऊन. एक माणूस दुसऱ्या माणसाला इतकं नीट करू शकतो, हे तिला विलक्षण वाटलं. घरातल्या कुणी तिला हा प्रश्न कधी विचारला असावा असं वाटत नाही.

किल्ल्या हातात देणं

लीना चेकमधले ३,५०० डॉलर देऊन घराचा बयाणा करते. घर क्लायबोर्न पार्कमध्ये, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीत. हट्ट म्हणून नव्हे. काळ्यांसाठी लांब कुठेतरी बांधलेल्या घरांची किंमत जवळजवळ दुप्पट होती. तिच्या ऐपतीत सगळ्यात बरं घर हे निघालं, बस. विचारलं मात्र कुणालाच नाही. वॉल्टर मोडून पडतो. तीन दिवस कामावर जात नाही. मित्राची गाडी घेऊन पोलादाचे कारखाने बघत बसतो, दुसऱ्या दिवशी थेट विस्कॉन्सिनपर्यंत जाऊन शेतं बघून येतो, मग बारमध्ये. रूथला हे कळतं ते त्याच्या मालकिणीचा फोन येतो तेव्हा.

तेव्हा लीना म्हणते, चुकलं माझं, बाकीचं जग तुझ्याशी जे करतंय तेच मीही करत होते. उरलेले ६,५०० डॉलर ती टेबलावर ठेवते. त्यातले ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक, बाकीचे तुझे, आणि आजपासून या घराचा कर्ता तू. मूळ इंग्रजीत ती त्याला कुटुंबाचा प्रमुख हो म्हणते, पण आपल्याकडचा 'कर्ता' हा शब्द इथे इतका चपखल बसतो की जणू त्याच्यासाठीच घडवलाय. कर्ता म्हणजे करणारा. पण कर्तेपण त्याने काही करून मिळवलेलं नाही. ते आईने दिलंय, पैशाच्या पाकिटासोबत.

थोडं नाटकाबाहेर जाऊ. १९६५ मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन या सरकारी अधिकाऱ्याचा कृष्णवर्णीय कुटुंबांवरचा एक अहवाल आला आणि प्रचंड वाद झाला. गुलामगिरी, बेकारी हे सगळं त्यात होतं, पण गाजलं ते एक सूत्र: या कुटुंबांत बाईचं वर्चस्व आहे आणि त्याने पुरुष खच्ची होतो. हॅन्सबेरी त्याच वर्षी १२ जानेवारीला, ३४ व्या वर्षी, कॅन्सरने गेली. तिच्या लीनालाही अनेकांनी याच चष्म्यातून पाहिलं: आई खमकी, म्हणून मुलगा लेचापेचा.

लीना खमकी आहेच. देव नाही म्हणणाऱ्या बेनीथाच्या ती थोबाडीत मारते आणि 'माझ्या आईच्या घरात अजून देव आहे' असं तिच्याकडून वदवून घेते. पण वॉल्टरला कुणी गाडीचं दार उघडायला लावलं? कुणी कर्ज नाकारलं, कुणी घरं दुप्पट दराने विकली? लीनाने नाही. ती फक्त समोर आहे, हाताशी आहे, तिच्यावर राग काढता येतो. गंमत म्हणजे क्षणभर लीनालाही पटतं की दोष आपलाच. त्या अपराधी भावनेची किंमत ती मोजते ती मुलीच्या फीमधून.

कारण वॉल्टर बँकेत जातच नाही. सगळेच्या सगळे ६,५०० तो विली हॅरिस नावाच्या भागीदाराच्या हातात देतो आणि विली ते घेऊन पसार होतो. बातमी सांगायला बोबो हा तिसरा भागीदार येतो, त्याचेही गेलेले. बहिणीच्या फीचेही? लीना विचारते. हो, सगळेच. मग ती मुलाला मारते, आणि नवरा रात्री कसा थकून यायचा ते आठवत राहते.

बेनीथा म्हणते, हा माझा भाऊ नाही. त्यावर लीनाचं जे बोलणं आहे ते या नाटकातलं सगळ्यात प्रसिद्ध: माणूस यशस्वी असतो तेव्हा प्रेम करणं सोपं, तो रसातळाला गेलेला असतो तेव्हा करून दाखव. नट्यांना हे भाषण म्हणायला फार आवडतं. ऐकताना माझाही घसा दाटतो. तरी एक विचार डोकं वर काढतोच, की ज्याने तिची फी बुडवली त्याच्यावर प्रेम करायची जबाबदारी, पैसे बुडाले त्याच दिवशी, तिच्यावरच का?

लिंडनर दारात

कार्ल लिंडनर हा क्लायबोर्न पार्कच्या रहिवाशांचा प्रतिनिधी. सभ्य, हळू बोलणारा. तुम्ही इकडे येऊ नका, दिलेल्यापेक्षा जास्त पैसे देतो, असा त्याचा प्रस्ताव. पहिल्यांदा त्याला घालवून दिलं जातं. पैसे बुडाल्यावर वॉल्टर स्वतःच त्याला बोलावतो. गुडघ्यावर बसून 'घ्या साहेब, द्या साहेब' करायची रंगीत तालीमही सगळ्यांसमोर करून दाखवतो. बघवत नाही तो प्रवेश.

लिंडनर हवेतून आलेला नाही. १९३७ मध्ये हॅन्सबेरीच्या वडिलांनी, कार्ल हॅन्सबेरींनी, शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं होतं. तिथल्या घरमालकांचा आपसात करार होता की काळ्यांना घर विकायचं नाही की भाड्याने द्यायचं नाही. घरावर जमाव चालून आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४० मध्ये निकाल हॅन्सबेरींच्या बाजूने लागला, तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी राबवूच नयेत हे १९४८ मध्ये दुसऱ्या खटल्यात ठरलं. वडील कज्जासाठी बाहेर असत, तेव्हा आई रात्र रात्र भरलेलं जर्मन पिस्तूल घेऊन मुलांसाठी घरात पहारा देत असे. हे हॅन्सबेरीने पुढे एका पत्रात लिहिलंय. कायद्याच्या पुस्तकात लढा वडिलांच्या नावे आहे. पिस्तूल आईच्या, नॅनी हॅन्सबेरीच्या, हातात होतं.

नाटकातही तसंच घडतं, फक्त चटकन लक्षात येत नाही. पैसे गेल्यावर लीना हार मानते, राहू इथेच, खोली जरा नीट करू. तेव्हा रूथ पेटून उठते: वीस वीस तास काम करीन, बाळाला पाठीला बांधून अमेरिकाभरच्या फरशा पुसीन, पण इथून जायचं. नव्या घराचे हप्ते कुठून येणार याचं नाटकातलं खणखणीत उत्तर एवढंच. वॉल्टर नंतर बोलतो. रूथ आधी बोललेली असते.

लिंडनर येतो. ट्रॅव्हिसला खाली पाठवा, असं रूथ म्हणते. लीना म्हणते, नाही, थांबू दे त्याला, बघू दे बाप काय करतो ते. मुलगा समोर उभा. वॉल्टर चाचरत सुरुवात करतो: मी ड्रायव्हर आहे, माझी बायको लोकांच्या स्वयंपाकघरात काम करते, आईसुद्धा. माझी बहीण डॉक्टर होणार आहे. हा माझा मुलगा, या देशातली आमची सहावी पिढी. या घराची कमाई माझ्या बापाने केलीय. आम्ही तिथे राहायला येणार. तुमचे पैसे नकोत.

पहिल्या सकाळी मुलासमोर पैसे फेकून त्याला बाप व्हायचं होतं. आता त्याच मुलासमोर पैसे नाकारून तो झालाय. आणि या वेळी त्याच्या तोंडी बायकांची नावं आरोप म्हणून येत नाहीत, भांडवल म्हणून येतात.

इथे पडदा पडला असता तर नाटक गोड झालं असतं. हॅन्सबेरी आणखी पाच मिनिटं घेते. सामान उचललं जातंय, हमाल आलेत. बेनीथा आईला सांगते, असागाईने मला लग्नाचं विचारलंय, आफ्रिकेला चल म्हणतोय, तिथे मी डॉक्टरकी करीन. वॉल्टर लगेच सुरू: आफ्रिका कसली, डोक्यातली खुळं काढ आधी, पैसेवाल्या जॉर्जशी लग्न कर. मी कुणाशी लग्न करते त्याच्याशी तुझा काय संबंध, ती ओरडते. भांडत भांडत दोघं जिना उतरतात. वरच्या खोलीत लीना सुनेला हळूच म्हणते, आज झाला ना तो पुरुष? रूथ ओठ दाबून अभिमान आवरते. तीन हजारांचं नाव कुणीच काढत नाही. खालून दोघांचे आवाज येतच असतात. खोली रिकामी होते. लीना बाहेर पडते, परत येते, खिडकीतलं ते किरटं रोपटं उचलते आणि दार ओढून घेते.